डाव्या हाताची साक्ष

कुंभकोणम्, १२ सप्टेंबर १९५६

तीर्थरूप अक्काच्या पायांशी धाकट्या पद्मनाभाचे दंडवत. तिरुविडैमरुदूरला तुझे गुडघे कसे आहेत? भावोजींचा खोकला आणि तुझा राग, दोन्ही उतरले असावेत.

मी आडुतुरैच्या रस्त्यावर सायकलीवरून पडलो, हे तुला कळलंच आहे. (म्हैस मधोमध होती, मी कडेनं चाललो होतो. तूही सर्वांना असंच सांग.) टेंगूळ उतरलं, पण आमचे साहेब हट्टाला पेटले. मेंदू शाबूत असल्याचं डॉक्टरचं पत्र आण, नाही तर पार्सल कचेरीत पाऊल टाकू नको म्हणाले. बावीस वर्षांची नोकरी, अक्का! खरं सांगतो, मी घाबरलो.

मद्रासहून आलेल्या तरुण डॉक्टरानं कागदभर विखुरलेले आकडे पेन्सिलीनं क्रमानं जोडायला सांगितले आणि समोर घड्याळ धरलं. नेहमीच्या हातानं करा म्हणाला. त्रिपुरसुंदरी शेजारीच बसलेली. कचेरीत आकडे मी चोरून डाव्यानंच टाकतो, पण बायकोसमोर तो हात पुढे करायची माझी काय छाती? उजव्यानं ओढत पाचावरून थेट नवावर गेलो, पुन्हा मागे आलो. डॉक्टरानं मान हलवली, हिनं डोळ्यांना पदर लावला.

आठवड्यानं पुन्हा बोलावलं. ही बाहेर ताक पीत होती. मी गुपचूप पेन्सिल डाव्यात घेतली आणि सपासप सुटलो! डॉक्टर खूश झाला, आणि लगेच संशयात पडला. या वेळचा कागद वेगळा होता; तो सोपा तर नव्हता? मग दोन्ही कागद, आळीपाळीनं दोन्ही हातांनी. (तेवढ्या वेळात पापड लाटले असते तर घराला उपयोग तरी झाला असता.) दुसरा कागद खरंच थोडा सोपा निघाला, पण दोन्हींवर डावाच पुढे. माझ्या मेंदूला काही झालेलं नाही, अक्का. इतकं बरं वाटलं म्हणून सांगू!

तुझा आज्ञाधारक (डावा हात सोडून),
पद्मनाभ

ता. क. डॉक्टर म्हणतो, जन्मापासून डावखुरा असल्याची घरच्या वडीलधाऱ्यांची लेखी साक्ष हवी; नाही तर साहेबांकडे उजव्या हाताचाच निकाल जाईल. आई-नाना गेले. जेवताना माझा डावा हात जुन्या धोतराच्या पट्टीनं बांधणारी तूच उरलीस. सोमवारच्या आत लिहून पाठव. मी रागावलेलो नाही. थोडा होतो.

आणखी एक. अक्षर वाकडंतिकडं पाहून घाबरू नकोस. पन्नाशीत प्रथमच डाव्यानं अख्खं पत्र लिहितोय. लिहिता लिहिता आठवलं, त्या पट्टीची गाठ तू डाव्या हातानं आवळायचीस. साक्ष कुठल्या हातानं लिहितेस, तेही कळव.