धरलंयस ना?

रविवार, १७ नोव्हेंबर

प्रिय भिंगरी,
अनेक आशीर्वाद.

पत्र पाहून घाबरू नकोस. मी बरा आहे. फोनवर मला बोलणं सुचत नाही, तू ‘हॅलो, हॅलो, काका आहात ना?’ करत राहतेस आणि मी असतोच. म्हणून लिहायला बसलो.

वहिनी तुझ्या भावाकडे गेल्या त्याला आता महिना होईल. तिथे त्यांचं मन रमतंय म्हणतात, बरं झालं. इथलं सगळं ठीक आहे. सकाळी केलेलं संध्याकाळी पुरतं. जिन्यातला दिवा गेला होता, तो बदलला. त्यासाठी तुझीच छोटी शिडी घेतली. वरच्या फळीवरच्या डब्यासाठी तू रोज रडायचीस म्हणून अण्णाने तुला करून दिलेली. तिने माझं वजन निमूट सोसलं. कुरकुर झाली ती माझ्या गुडघ्यांची.

अण्णाच्या शोकसभेला तू होतीसच. व्यापारी मंडळाचे अध्यक्ष म्हणाले, ‘हा माणूस एकट्याच्या बळावर उभा राहिला.’ सगळ्यांनी मान हलवली, मीही हलवली. पण अण्णाला हे ऐकून हसू आलं असतं. एकट्याने केलं असं तो आयुष्यात एकदाही म्हणाला नाही.

तो रंगाऱ्याच्या हाताखाली होता आणि कुणाच्या तरी घरी शिडीची पायरी मोडून पडला, ही गोष्ट तुम्ही दोघांनी खूपदा ऐकली आहे. पुढची तो सांगायचा नाही. पाय प्लास्टरमध्ये, हा खाटेवर. मी बाजूला परीक्षेचा अभ्यास करतोय. एकदम म्हणाला, ‘आपण शिड्या करू. न मोडणाऱ्या.’

मी म्हटलं, ‘आपण म्हणजे कोण?’

‘तू आणि मी. आणखी कोण आहे इथे?’

मला खिळा सरळ ठोकता येत नव्हता, अजून येत नाही. पुढे मी नोकरीला लागलो, तरी त्याचं ‘आपण’ काही सुटलं नाही. आपण शेड घेतली. आपल्याला शाळांची ऑर्डर मिळाली. एकदा ऑफिसात येऊन सगळ्यांसमोर म्हणाला, ‘आपलं लग्न ठरलं!’ माझे साहेब उठून माझंच अभिनंदन करायला लागले. वहिनी पुढे कितीतरी वर्षं चिडवायच्या, ‘मला आधी सांगितलं असतं तर दोघांची चौकशी केली असती.’ आणि तू झालीस तेव्हा दवाखान्याच्या व्हरांड्यात माझा खांदा गदागदा हलवून म्हणाला, ‘आपल्याला मुलगी झाली रे.’

मी लग्न केलं नाही, त्याची कारणं होती, ती असू देत. पण मला मुलगी झाली नाही असं मला कधी वाटलं नाही.

हे सगळं एवढ्यासाठी की परवा तुझ्या भावाचा फोन आला. फार प्रेमाने बोलला. म्हणाला, ‘काका, आम्ही ठरवलंय. घर आणि कारखाना एकदमच विकून टाकायचा. तुमचीही चांगली सोय करू, काळजी करू नका.’ मी म्हटलं, ‘बरं.’ तब्येत विचारली, थंडीचं विचारलं, फोन ठेवला.

त्याचं काही चुकलं नाही. कारखाना त्याला चालवायचा नाही, तुला एवढ्या लांबून जमणार नाही आणि माझं तर खिळ्याचं सांगितलंच. घर म्हातारं झालंय. हे मलाही कळतं.

तरी दुसऱ्या दिवशी कारखान्यात गेलो. मिस्त्री मला गमतीने धाकटे मालक म्हणतो, ते तुला माहीत आहे. म्हणाला, ‘धाकटे मालक, शेवटचा माल तयार पडून आहे. गिऱ्हाईक खोळंबलंय. पण चढणार कोण?’

अण्णा स्वतः चढून प्रत्येक पायरीवर दणका दिल्याशिवाय शिडी बाहेर जाऊ देत नसे. रोज ऑफिस सुटलं की मी तिथे जायचो आणि खाली धरून उभा राहायचो. माझं काम तेवढंच. वर गेला की तो दर वेळी विचारायचा, ‘धरलंयस ना?’ मी म्हणायचो, ‘हो.’ दोन्ही हातांनी धरलेलं त्याला दिसत असायचं, तरी विचारायचा. मला थोडं लागायचं ते. इतकी वर्षं धरतोय, अजून याचा विश्वास नाही, असं वाटायचं.

तर काल मी चढलो. रागावू नकोस, अर्ध्यापर्यंतच. मिस्त्री म्हणाला, ‘अहो, या वयात कशाला? उतरा, मी चढतो.’ मी ऐकलं नाही. वर काही विशेष नसतं गं. भिंत आणि पत्रे. खाली पाहिलं तर मिस्त्री पाय रोवून, शिडी घट्ट धरून उभा. आणि तरी माझ्या तोंडून निघालं, ‘धरलंयस ना?’

तो म्हणाला, ‘हो, हो.’

तेवढ्याने किती बरं वाटलं, ते तुला कसं सांगू? अण्णाला विश्वास नव्हता असं नव्हतं. तो आवाज ऐकायला विचारायचा.

आता मुद्द्याचं लिहितो, नाहीतर पान संपेल. घर विकायचं तर विका. माझी हरकत नाही. मला कुठेही ठेवा, माझं सामान एका ट्रंकेत मावतं. फक्त तुम्ही दोघं आणि वहिनी एकदा इथे या, आणि काय ते स्वयंपाकघरात बसून, माझ्यासमोर ठरवा. मी मधे बोलणार नाही. पण उद्या कुणी विचारलं, तर ‘आपण ठरवलं’ असं मला म्हणता यायला हवं.

भावाला हे तूच सांग. मला सांगता येणार नाही.

तुझ्या घरी सगळ्यांना आशीर्वाद. तू कामात असतेस, म्हणून लांबलचक उत्तर लिहीत बसू नकोस. नुसतं ‘हो’ कळवलंस तरी मला पुरेल.

वाट पाहतो.

तुझा,
काका