दाजी, जीप नापास झाली नाही

ती. दाजींना,

सांगलीहून धोंडिरामचा मनापासून जय भीम. इकडे आम्ही सगळे धडधाकट. तुमचं ब्लडप्रेशर कसं आहे? गोळी चुकवू नका. हे पत्रही गोळी घेतल्यावरच वाचा, आणि उभ्यानं तर मुळीच वाचू नका. फलटणला ऊन तापलं असेल. दुपारचं बाहेर पडत जाऊ नका.

तुम्ही सांगितलेलं काम मी इमानानं केलं, हे आधी सांगतो. आपल्या प्रियदर्शनीला इथल्या दूध संघात जनावरांच्या डॉक्टरची नोकरी लागली, वाड्यावस्त्यांवर फिरायला तिला जुनी छोटी जीप हवी झाली, आणि पोर एकटी आडरानात गाडी घेऊन जाणार म्हणून तुमची झोप उडाली. बाप आहात, उडायचीच. तिच्यापुढं तुम्ही म्हणालात, "मामाला दाखव, मामा म्हणंल तसं." मला मात्र फोनवर बजावलंत की जीप सोन्याची असली तरी नापास कर. मी एस.टी.त कंडक्टर होतो, एवढ्यावर आपल्या घरात मला गाड्यांतलं कळतं असं सगळे समजतात. (मला गाडी फक्त मागून कळते, दाजी. उभी नोकरी पॅसेंजरकडं तोंड करून काढली. पुढं ड्रायव्हर काय करत होता ते त्याचं त्याला ठाऊक.)

जीप मोहिद्दीनभाई नावाच्या हळदीच्या व्यापाऱ्याची. आत बसून उतरलं की माणूस बुडाकडून नवरदेव दिसतो, इतकी सीटवर हळद. मी कपाळाला आठ्या घालून खोट काढायला तोंड उघडलं, तर भाईच सुरू झाले. "आवं, डावं दार आतनं उघडत न्हाई, काचंतनं हात बाहेर घालाय लागतो. हॉर्न त्याच्या मनाला येईल तवा वाजतो. मागचा एक टायर गुळगुळीत झालाय, तो मी बदलून देतो. पर इंजिन लय गुणाचं हाय. पोरीच्या हातात द्यायची गाडी, लपवून कसं चालंल?" आता सांगा, विकणाराच असा निघाल्यावर माझ्यासारख्या लबाडानं काय करावं? मी आपला टायरला लाथ मारून "हं" म्हणालो. (अंगठा अजून ठणकतोय.)

तुमच्या लेकीनं तर मला विचारलंसुद्धा नाही. "इंजिन गार असतानाच चालू करा, तापवून दाखवू नका," म्हणाली. धूर बघितला, ऑइलची काडी काढून वास घेतला, चांगला पंजाबी ड्रेस घालून जीपखाली सरपटली आणि नखानं गंज खरवडून आली. मग पिशवीतनं गाईम्हशींची छाती तपासायची नळी काढून इंजिनाला लावली. मी म्हटलं, झालं, पोर शिकून वाया गेली. तर म्हणते कशी, "छाती साफ आहे, मामा. आता पाय बघूया."

मला तेवढंच हवं होतं. डांबरी सडकेवर कुठलीही गाडी शहाण्यासारखी वागते, म्हणून मी नदीकडच्या पाणंदीनं चल म्हणालो. दोन्हीकडं ऊस आणि मध्ये पाटाचं पाणी फुटून झालेला राडा. म्हटलं, इथं जीप रुतली की दाजी सुटले. पण त्याआधीच जाईबाई नावाच्या एका म्हातारीनं हात केला. शिटा भरत फिरणारी वडाप जीप समजून. (जन्मभर मी या वडापवाल्यांना शिव्या घातल्या, आणि माझीच गाडी वडाप!) म्हातारीचा जीव थाऱ्यावर नव्हता. "म्हस सकाळधरनं आडलीया रं बाबा, डाक्टरला आणाय निघालीया, मला तेवढं नाक्यावर सोडा." प्रियदर्शनीनं काचंतनं हात बाहेर घालून दार उघडलं आणि म्हणाली, "आजी, बसा. डॉक्टर मीच आहे." म्हातारीनं आधी तिच्याकडं बघितलं, मग मागं माझ्याकडं. डॉक्टर मी असेन अशी तिला आशा होती.

राड्यात जीप रुतली, दाजी. तुमची शपथ, पहिल्यांदा मला आनंदच झाला. पण म्हातारी पदरात तोंड घालून रडाय लागली आणि आनंद तिथंच राहिला. मी उतरलो, मागनं खांदा लावला. प्रियदर्शनीनं गाडी घाईनं रेटली नाही. थोडी मागं, थोडी पुढं, चुचकारत चुचकारत असा हिसका दिला की जीप वर आणि मी आडवा. चिखल आणि हळद यांचा लेप लागून मी जो दिसलो, त्याला जाईबाईच्या गोठ्यातलं कुत्रंसुद्धा भुंकलं नाही. घाबरून आत पळालं.

रेडकाचा पाय आत मुडपलेला. पोरीनं कोपरापर्यंत हात घालून तो सरळ केला, त्याला दोरी बांधली आणि मला ओढायला लावलं. मी दोरी धरली नि डोळे मिटले. उघडले तर रेडी! म्हैस तिला चाटत होती, आणि जाईबाई म्हशीला सोडून तुमच्या लेकीच्या तोंडावरनं हात फिरवत होती. मग मला म्हणाली, "हिच्या बाचं काळीज केवढं म्हणायचं रं! पोरीला गाडी दिऊन धाडलं." मी तिथंच तुमच्या वतीनं मान डोलावली. सगळ्या वस्तीसमोर. आता ती मान परत सरळ कशी करणार?

तेव्हा जीप पास. व्यवहार झाला, भाईंनी टायर बदलून दिला.

तुमचा आज्ञाधारक मेहुणा,
धोंडिराम

ता. क. – जीप नापास करायची ही तुमची आज्ञा मी कुणालाही सांगितलेली नाही. फक्त अक्काला सांगितली.

ता. क. दुसरा – अक्का कराडला मावशीकडं म्हणून निघाली ती इकडंच उतरलीय. रोज सकाळी मार्केट यार्डाच्या मोकळ्या जागेत तिचीच लेक तिला जीप शिकवते. रविवारी फलटणला दोघी येतील, गल्लीच्या तोंडापासून घरापर्यंत अक्का चालवणार आहे. तेवढं फाटक उघडं ठेवा. रागवायचं असेल तर खुशाल रागवा, पण ओसरीवरनं. फाटकात उभं राहू नका. तिला अजून ब्रेक नीट सापडत नाही.