तिसऱ्या वळणाबद्दल

प्रिय वहिनी,

तुझा फोन दोनदा येऊन गेला आणि दोन्ही वेळा मी उचलला नाही. रागावू नकोस. बोलण्यावर पोट भरणारा माणूस मी, पण तुझ्याशी बोलायला लागलो की सांगायचं ते राहतं आणि भलतंच तोंडातून निघतं. म्हणून शेवटी कागद घेतला.

इथं माझं बरं चाललंय. मोटारसायकल शर्यतींचा हा नवा ट्रॅक मोठा आहे. कॉमेंट्रीची खोली काचेची, खुर्ची गोल फिरणारी, समोर चार पडदे. कुणी विचारलं की या धंद्यात कसा पडलास, तर मी तुझंच नाव पुढे करतो. तू आणि दादा गच्चीवर चादरींच्या घड्या घालत होतात आणि मी पायरीवर बसून तोंडाची टकळी चालवत होतो. वहिनी आतल्या बाजूनं मुसंडी मारतायत, दादाच्या हातून कोपरा सुटला, ही घडी आता हातची गेली! तू हसता हसता चादर खाली टाकलीस आणि दादाला म्हणालीस, "याला तुमच्या ट्रॅकवरच्या त्या कॉमेंट्रीच्या मनोऱ्यात नेऊन बसवा हो, इथं माझी कामं खोळंबतात."

पुढच्याच रविवारी दादानं मला मास्तरांपुढे उभं केलं. पंचवीस वर्षं त्या ट्रॅकचा माईक त्यांच्याच हातात होता. सहा महिने त्यांनी मला नुसत्या फेऱ्या मोजायला लावल्या. मग सरावाच्या दिवशी बोलू दिलं, तर मी असा सुटलो की त्यांनी बटणच बंद केलं. म्हणाले, "अरे, गाड्या पळतायत, तू कशाला पळतोस?" दादा महिनाभर मला त्यावरून चिडवत होता. एक गोष्ट मात्र मास्तरांनी कधी हसत सांगितली नाही. कुणी पडलं, तर वळणावर झेंडा घेऊन उभ्या असलेल्या मार्शलकडून नक्की कळेपर्यंत अक्षर काढायचं नाही. समोरच्या गर्दीत त्याच्या घरचं कुणीतरी बसलेलं असतं.

त्या दिवशी मास्तरांचा घसा बसला होता, ते नुसते माझ्या शेजारी बसून होते आणि पहिल्यांदाच अख्खी शर्यत माझ्या एकट्याच्या गळ्यात आली. सकाळी दादानं हेल्मेट काखेत धरून मला मनोऱ्याखालून हाक मारली. म्हणाला, "माझं कौतुक जरा बेतानं कर, लोक म्हणतील घरचाच आहे." मी प्रयत्न केला गं. पण तो चौथ्यावरून दुसऱ्या नंबरावर आला तेव्हा माझा आवाज कुठल्या कुठे गेला, तुला आठवत असेल. तू चिमणीला घेऊन तिसऱ्या रांगेत होतीस. तिनं तुझी ओढणी डोक्याला बांधली होती.

नवव्या फेरीत तो पडला. गॅलरीतून तिसरं वळण दिसत नाही, मध्ये मातीचा उंचवटा आहे. मनोऱ्यातून सगळं दिसतं. मागचं चाक सरकलं, गाडी एकीकडे गेली आणि दादा टायरांच्या भिंतीवर. लाल झेंडे वर गेले. एकेक इंजिन बंद होत गेलं, आणि मग इतकं शांत झालं की लाऊडस्पीकरमधून मला माझाच श्वास ऐकू येत होता. तेवढ्यात तू उठून उभी राहिलेली मला दिसलीस. मी माईक तोंडाशी धरला आणि म्हणालो, "घाबरू नका, त्यानं हात हलवलाय, तो शुद्धीवर आहे."

टाळ्या वाजल्या. तू खाली बसलीस.

त्या वाक्यानंच मला इथवर आणलं, वहिनी. या ट्रॅकचे लोक त्या दिवशी तिथं हजर होते. सख्खा भाऊ पडलेला असताना पोरगा डगमगला नाही, गर्दीला सांभाळलं, म्हणून त्यांनी पुढे मला बोलावून घेतलं. एकट्या मास्तरांनी कौतुक केलं नाही. त्यांनी माझ्या हातातून माईक काढून घेतला, खाली ठेवला, आणि त्यानंतर माझ्याकडे कधी धड पाहिलं नाही. वर बसून त्यांनीही तेच पाहिलं होतं, जे मी पाहिलं होतं.

परवा चिमणीशी बोललो. सहज सांगत होती, की आई म्हणते, बाबानं हात हलवला म्हणून मी निवांत बसले, तुला सरबत पाजत बसले, मी बाई आहे की दगड. नऊ वर्षांची पोर, काय बोलतेय ते तिला कळत नव्हतं. मला कळलं. दादानं हात हलवला नव्हता. तसं सांग म्हणून मला कुणी सांगितलंही नव्हतं. तुला उभी राहिलेली पाहिलं आणि मला ते सोसवलं नाही, एवढंच. दवाखान्याच्या वाटेवर तो गेला, पण त्याआधी अँब्युलन्स निघेपर्यंत अकरा मिनिटं तो गॅलरीच्या मागच्याच खोलीत होता. तिथल्या नर्सनं नंतर मला सांगितलं, मध्ये थोडा वेळ त्याला शुद्ध आली होती, आणि तू कुठे आहेस, असं त्यानं विचारलं. दोनदा. ते तुझं होतं आणि तीन वर्षं मी ते दडवून ठेवलं. आता माझं तोंड पाहायचं नसेल तर नको पाहूस. पण स्वतःला दगड म्हणू नकोस. तू उठली होतीस, वहिनी. मी तुला बसवलं.

तुझाच,
धाकटा