सुई इथे, कंबर तिकडे

३ मार्च
...मी भांडी घासून पालथी घालत होते, कपडे वाळत टाकायचे राहिले होते, तेव्हा हे शिलाई मशीनला तेल देता देता म्हणाले होते, ग्रुपवर नुसता कालवा चाललाय. रोजच्यासारखीच सकाळ होती ती.
मशीन दुरुस्तीचा ग्रुप ह्यांनीच काढला. हे गेल्यावर ॲडमिन मी. आज बघते तर बॉबिनच्या प्रश्नाखाली गुडघेदुखी, गुडघेदुखीखाली कुणाच्या नातवाचा फोटो. ह्यांचा शब्द मोडवत नाही. आजपासून दोन ग्रुप. 'दुरुस्ती' मी बघणार. 'गप्पा' काजवालीकडे दिला. ती दिवसभर काजं करते, तोंड मोकळंच असतं. मी त्यात नाही. मला गप्पा लागत नाहीत. मी ह्यांच्या मशीनची पुस्तिका वाचते.

५ मार्च
पडदे शिवणाऱ्या भाऊजींनी विचारलं, सुई मोडली आणि कंबरही, कुठे लिहू? सांगितलं, सुई इथे, कंबर तिकडे. त्यांनी निमूट दोन मेसेज केले. शिस्त अशी लागते.

९ मार्च
काजवालीचा मेसेज इथेच: टेन्शन काही केल्या कमी होत नाही.
लगेच लिहिलं, वरचा स्क्रू अर्धा फेरा सैल कर. पुस्तिका वाचून वाचून मला आता सगळं येतं. ती म्हणाली, काकू, दोऱ्याचं नाही हो, माझं. म्हटलं, मग ते गप्पांत. नियम म्हणजे नियम. तिने नुसता अंगठा पाठवला. म्हणजे पटलं.

१५ मार्च
दुरुस्तीत मेसेज नाही. कालही नव्हता. याचा अर्थ सगळ्यांची मशीनं नीट चालली आहेत.
नणंदेचा फोन. म्हणाली, वहिनी, तिकडे काय मैफल जमलीय! सगळे दादाचेच किस्से सांगतायत. म्हटलं, ग्रुप ह्यांनी कामासाठी काढला होता. तर हसत सुटली. म्हणे, दादाने? एक स्क्रू पिळायला तासभर गप्पा लागायच्या त्याला!
किस्से कोणते, ते विचारलं नाही. मला सगळे माहीतच असणार. बहुतेक.

१९ मार्च
ग्रुप हलता राहावा म्हणून मीच प्रश्न टाकला. शुद्ध टेक्निकल. 'ह्यांच्या मशीनला रोज सकाळी तेल देते. शिवत काही नाही. असं किती दिवस देत राहावं?'
दुपारी भाऊजींचं उत्तर आलं: 'न चालवता तेल देऊ नका, वहिनी. आत साचून राहतं.' त्याखाली दुसरा मेसेज: 'रागावू नका, पण हा प्रश्न इथला नाही.'
नियम माझाच.
मशीन पुसायला घेतलं तर तेल फळीवर ओघळलेलं. पुसता पुसता आठवलं, त्या सकाळी कालवा म्हणाले तेव्हा हे हसत होते.

२० मार्च
काजवालीला फोन केला. कसलं टेन्शन, ते विचारलं. तिचं सगळं ऐकून घेतलं. मग म्हटलं, मला गप्पांत घे.