चुलीत वाळवलेल्या दांड्या

सगळ्यात पहिले तर तांड्यावरची माझी मैत्रीण आली, बाबा, आणि ती आली म्हणजे तिच्या मागून कोणीतरी येऊन राह्यलं हे समजून घ्यायचं. दारातूनच पदरानं वारा घेत म्हणाली, "बाई, तुह्यं घर इचारत दोन माणसं येऊन राह्यले. एक म्हातारा हाय, एक पांढऱ्या पँटीतला. म्हातारा रस्त्यातल्या दर झाडाले हात लावून पाह्यते." मी म्हटलं, झाडाले हात लावून पाहणारा म्हणजे आमचा काका, दुसरा कोणी नाही. तुमचा चुलतभाऊ. मोठी करवत ओढताना तिच्या दुसऱ्या टोकाले जो उभा राहायचा, तोच. आणि पांढऱ्या पँटीतला म्हणजे तुमचा नातू, माझा भाचा. मारेगावच्या जिनिंगात कापूस मोजायले बसते. तुम्ही त्याले पाह्यलं नाही. नाक तुमचं घेतलं त्यानं, हात मात्र कोणाचे घेतले कोण जाणे, लोण्यासारखे आहेत.

मैत्रिणीले म्हटलं, तू आता जाऊ नको, बस इथंच. ती म्हणे, "जाऊन राह्यलंच कोण." आणि चुलीपाशी मांडी घालून बसली. ते दोघं काहून आले असतील हे मले तेव्हाच समजलं होतं. तुमच्या हत्यारांसाठी.

ती हत्यारं माझ्याकडे कशी आली हे तुमाले सांगायचंच राह्यलं. भाऊ लाकडाच्या कामाले कधी लागलाच नाही. तुम्ही गेले आणि ती कवाडामागं गोणपाटात गुंडाळून पडली. भाऊ गेला त्या सालची गोष्ट, मी माहेरी गेलती, वहिनी तो कोपरा साफ करून राह्यली होती, तिथं तिले कापूस भरायचा होता. गोणपाट पायानं माझ्याकडे सरकवून म्हणाली, "न्या ना बाई हे. जागा अडते. लोखंडाचे इळे-पावशे करून घ्या." आत पाह्यलं तर उंदरानं घर केलेलं. लाकूड तासायचा वाकस, दोन पटाशा, करवत, रंधा, दोरीनं फिरवायचा सामता, ठोकायची मोगरी. तांबेरा असा चढलेला की कोणती पटाशी रुंद आणि कोणती अरुंद तेही दिसेना.  उचललं, डोक्यावर घेतलं, आणि आपल्या गावची बैलबंडी पाहून तिच्यात बसली. चोरून आणलं नाही, बाबा. दिवसाढवळ्या, त्यांच्याच दारातून आणलं. तेव्हा कोणाले आठवण नव्हती. कोणी म्हटलं नाही की घराण्याचं हाय, देवाचं हाय. एका बाईनं त्यावरचा तांबेरा काढला, लाकूड कापलं, तेव्हा कुठं सगळ्यांना घराणं आठवलं.

कापलं काहून, तेही सांगते. माझे गुडघे गेले. खाली बसली की उठता येत नाही, उठली की बसता येत नाही. पोरगा म्हणे, पंचायतीत आहे तशी लोखंडी खुर्ची आणतो. मी त्या खुर्चीवर एकदा बसून पाह्यलं होतं, हिवाळ्यात तिच्यावर बसणं म्हणजे इहिरीच्या काठावर बसणं. शिवाय ती मिटते. बसल्या बसल्या मिटली तर म्हातारीचं काय. मले चार पायांचं, जमिनीवर घट्ट उभं राहणारं, लाकडी स्टूल पाहिजे होतं. गावात आता सुतार राह्यला नाही. बंड्याले रबरी चाकं आली, त्याले कोण विचारते. मग मी गोणपाट सोडलं. पोरगा म्हणाला, "आई, लोक हासतीन." म्हटलं, हासू दे बापू, कोणाचं हासणं माझ्या गुडघ्यापेक्षा जास्त दुखत नाही.

इथं मले ते लिहायचं आहे जे तुमच्यासमोर कधी बोलता आलं नाही. मी दहा-अकरा वर्षांची असन. तुम्ही दारापुढच्या सपरीत बंडीच्या चाकाचं काम करून राह्यले. तुम्ही पाणी प्यायले आत जाता, आणि मी तुमची अरुंद पटाशी उचलून एका तुकड्यात भोक पाडत बसते. चांगलं पडून राह्यलं होतं. चौकोनी. तुम्ही येता, पाहता, माझ्या हातातून पटाशी घेता. रागावले नाही तुम्ही, मारलंही नाही. फक्त म्हणाले, "हे तुह्यं काम नाही, चूल पाह्य." आणि मग तुम्ही पटाशीची मूठ धोतरानं पुसली. मी जिथं धरली होती तिथंच पुसली. बाबा, थापड मारली असती तर मी विसरली असती. आणि थोड्या वेळानं तुम्हीच चुलीपाशी येता, चाकाचे आरे आणि आडव्या दांड्या माझ्यासमोर ठेवता, आणि सांगता, गरम राखेत टोकं ठेव, जळू देऊ नको, फिरवत राह्य.

ते काम मात्र माझं होतं. लहानपणापासून लग्न होईपर्यंत. दांड्याच्या टोकाले तासून जी जीभ काढतात, जी दुसऱ्या लाकडाच्या भोकात जाऊन बसते, तिले तुम्ही कूस म्हणत. ती कूस राखेत अशी वाळवायची की ठोकली तर टणटण वाजली पाहिजे. मग ती तुम्ही जराशा ओलसर लाकडाच्या भोकात ठोकत. कोरडी कूस आत गेली की बाहेरच्या लाकडातली ओल पिते आणि फुगते, आणि बाहेरचं लाकूड सुकत जाते तसं तिले आवळत जाते. खिळा लागत नाही. हे तुम्ही मले शिकवलं नाही. तुम्ही काकाले सांगत होते, मी भाकर थापता थापता ऐकत होती. लोक म्हणत, ह्याची बंडी दहा वर्ष चालली तरी चाकाचा आवाज होत नाही, काय हात हाय. हात तुमचा होताच. पण राख माझी होती. कूस किती वाळली हे तुम्ही कधी पाह्यलंच नाही, मी दिली तशी ठोकली. लग्नात तुम्ही मले काठवट दिली, स्वतः कोरलेली, अजून तिच्यातच पीठ मळते, तडा नाही गेला. चांगली आहे, नाही कशाला म्हणू. पण मले पटाशी पाहिजे होती.

तर स्टूल. पाय बाभळीचे घेतले, नाल्याच्या चिखलात मुरत पडलेलं खोड होतं, शेजाऱ्यानं नेऊ दिलं. वरचा पाट जुन्या सागवानी कवाडाचा. करवतीनं सुरुवातीला माझंच ऐकलं नाही, रेषा सोडून पळे, मी पुन्हा रेषेवर आणत होती. भोकं पाडायले लागली तेव्हा त्याच अरुंद पटाशीची मूठ हातात अशी बसली की मी थोडा वेळ तशीच बसून राह्यली. मग पहिला पाट फाटला. पायाची कूस पाटातून वर काढून तिच्या डोक्यात पाचर मारली आणि पाट उभाच्या उभा चिरला. मोगरी ठेवून दिली आणि काकाची आठवण आली. त्यानं एकदा असाच पाट फाडला होता तेव्हा तुम्ही सपरीतून ओरडले होते, आडवी मार, लाकडाच्या रेषेले आडवी, लाकूड रेषेतच फाटते. मी तेव्हा वरण हलवून राह्यली होती. इतक्या वर्षांनी ते वरण कामाले आलं. कवाडाचा दुसरा तुकडा घेतला. आडव्या दांड्या राखेत ठेवल्या, फिरवत राह्यली. टणटण वाजल्या तेव्हा ठोकल्या. आणि मग मी त्यावर बसली, सपरीत, सगळ्या गल्लीसमोर, पाय जमिनीले टेकवून. येणाऱ्या-जाणाऱ्या माणसांना पाहून उठून पदर घ्यायचं विसरून गेली. विसरली नाही, उठलीच नाही.

त्याच स्टुलावर मी काकाले बसवलं. चहा दिला. भाचा बंगईवर झोके घेत बसला. काका बसला, उठला, स्टूल उलटं केलं, जोडावरून अंगठा फिरवला, एक दांडी धरून पिळून पाह्यली. हलली नाही. मग त्याचे डोळे भरून आले आणि तो भाच्याले म्हणतो, "पाह्य रे. हे दादाच्या हातचं काम हाय. खिळा नाही, काही नाही. कधी केलं असन त्यानं." भाच्याले जोर आला. म्हणाला, "मग आत्या, हेही आपल्या घरचंच झालं. हत्यारांसंगं हेही घेऊन जातो."

चुलीपासून माझी मैत्रीण म्हणाली, "चूल बी न्या ना, कायले ठेवता. राख बी भरून घ्या पँटीत."

बाबा, त्या वेळी मी गप्प बसली असती तर काय बिघडलं असतं. तुमचं नाव झालं असतं. माझा जीव क्षणभर तिकडं गेलाही, इतक्या प्रेमानं तो दादा दादा करत होता. पण मले ती पुसलेली मूठ दिसली. मी म्हटलं, "काका, हे मी केलं. या उन्हाळ्यात."

"कोणाकडून करून घेतलं, पोरी?"

"माझ्याकडून."

तो हासला नाही. पुन्हा स्टुलाकडे पाह्यलं, मग माझ्या हाताकडे. "दांड्या कुठं वाळवल्या?"

"जिथं तुमच्या वाळत होत्या. तुम्ही बाहेर बसत, काका. आत कोण बसत होतं?"

बराच वेळ तो बशीतला चहा फुंकत राह्यला. चहा गार झाला होता. भाचा मात्र मुद्द्यावर आला. "ते ठीक हाय आत्या, केलं असन तुम्ही. पण नवमी जवळ आली. खंडेनवमीले हत्यारं घरच्या पाटावर पाहिजे, घरच्या पुरुषानं पूजा केली पाहिजे. आमच्या घरी दोन वर्षांपासून बरं नाही. आई म्हणते हत्यारं बाईच्या घरी पडून हायत म्हणूनच. बाईच्या हाती वाकस म्हणजे देवाले कसं चालन."

वहिनी असं म्हणते, जिनं पायानं सरकवलं होतं. ते मी बोलली नाही, त्याची माय आहे. मी काकाले विचारलं, "काका, बाबा नवमीले काय करत, तुम्ही सांगा त्याले. जे हत्यार वर्षभर चाललं नाही त्याचं?"

काकाले सांगायचं नव्हतं. पण खोटं बोलता येत नाही त्याले, तुमाले माहीत आहे. "बाजूले काढे दादा," तो म्हणाला. "पाटावर ठेवत नसे. म्हणे, ज्यानं वर्षभर लाकूड नाही पाह्यलं त्याले कुंकू कशाचं लावता. एक साल आपल्या बापाचा वाकस त्यानं कवाडामागं ठेवला होता. तुह्या आजीनं दिवसभर त्याच्याशी बोलणं सोडलं होतं."

"मग तुमच्या कवाडामागं किती नवम्या गेल्या त्यांच्यावर," मी भाच्याले म्हटलं. "तुमच्या आजोबाच्या हिशोबानं ती पाटावर बसायच्या लायक या सालीच झाली. आणि झाली ती माझ्या हातानं. पूजा मीच करीन. या सपरीत करीन, कवाड उघडं ठेवून."

भाचा उभा राह्यला. म्हणे, "मग मीही चालवतो. घरी नेऊन एखादी फळी कापतो, झालं." मी करवत काढून त्याच्यासमोर धरली. म्हटलं, "काप ना बापू. इथं काप. लाकूड पडलं हाय." त्यानं करवत हातात घेतली, पँटीकडे पाह्यलं, आणि खाली ठेवली. मले तेव्हा त्याची दया आली, खरं सांगते. मी म्हटलं, "शिकायचं असन तर ये. आतल्या खोलीतही ये, दांडी राखेत कशी फिरवायची तेही दाखवीन."  त्यानं हत्यारं नेली नाही, त्यांच्यावरचा हक्कही सोडला नाही. काकानं ठरवलं की नवमीले दोघंही येतील, तेव्हा पाटावर कोण मांडते ते पाहू. माझ्या मैत्रिणीनं सांगून टाकलं की तीही येईल आणि तांड्यावरच्या सगळ्या बायांना घेऊन येईल, जागा करून ठेवा.

भाचा पुढं निघाला. काका मागं राह्यला, वाकस एकदा हलवून, चपलेत पाय घालत. माझ्याकडे न पाहता म्हणाला, "वाकसाचा दांडा ढिला हाय तुह्या. पाणी पाज त्याले, उलटा ठेवून. नाहीतर एक दिवस पातं सुटून पायावर येईन." आणि गेला, बोराच्या झाडाले हात लावत. बाबा, कामाबद्दल माझ्याशी असं कोणी कधी बोललं नव्हतं. तुम्ही पण नाही. मी तेव्हाच्या तेव्हा वाकस पाण्यात उभा केला आणि नंतर स्वयंपाकात दोनदा मीठ टाकलं.

आता तुमाले एक गोष्ट सांगते, काकाले सांगितली नाही. स्टुलाचा एक पाय आखूड राह्यला. फार नाही, बोटाच्या नखाएवढा. ते दोघं यायच्या आधी मी सपरीत उंचवटा शोधून त्यावर तो आखूड पाय बरोबर बसवून ठेवला होता, म्हणून काका बसला तेव्हा हललं नाही. तुम्ही असते तर पहिल्यांदा तेच पकडलं असतं. बाकी तीन पाय कापून सारखे करीन म्हणते, पण मले माहीत आहे, असं करता करता स्टुलाचा पाट होऊन जाते. तर हा कागद घडी घालून त्या पायाखाली ठेवणार आहे. सहा घड्या घातल्या तर बरोबर येईल असं वाटते. पाठवायचा कुठं होता तसाही.

कुंकू आणलं, नारळ आणलं, गूळ थोडा कमी आहे. मंगळवारी नवमी. मंगळवारी येतो म्हणाले.