घोटभर बर्गंडी

नाहूर, ९ फेब्रुवारी २०२५

प्रिय आई,

इथूनच वाकून नमस्कार. फोनवर सांगितलं असतं तर तू मध्येच बोलली असतीस आणि मी गप्प बसले असते, म्हणून पत्र.

आधी बातमी. अंधेरीच्या आमच्या वाइन कंपनीतली थंड खोली माझ्या ताब्यात देतायत! आत फ्रान्सची लाल बर्गंडी आहे, वर्षानुवर्षं मुरत ठेवलेली. बाटल्या आडव्या ठेवायच्या, म्हणजे बूच ओलं राहतं. काळोख हवा, गारवा कमीजास्त व्हायला नको, धक्का तर मुळीच नको. मला हे कुणी शिकवायची गरजच पडली नाही. लोणच्याची बरणी भरल्यावर 'हलवू नको गो' म्हणत तू आमच्या पाठी लागायचीस, तसंच सगळं. अधूनमधून एक उघडून बघायची, कितपत मुरली ते.

काल एक उघडली, वीस वर्षांची. चंद्रप्रकाश सर, आमचे मालक, स्वतः ओतत होते. रंग गडद नाही गं, कोकमच्या सरबतासारखा, कडेला विटकरी. नाक जवळ नेलं तर पिकलेली करवंदं. मग पाचोळ्याखालची ओली माती. ग्लास हातात जरा उबदार झाला तशी अळंबी, आपल्या काजूच्या बागेत उगवतात तसली. मी एका दमात सांगत सुटले. सर म्हणाले, "थांबू नकोस, पुढे बोल."

तुला माहीत आहे, आम्ही चाखतो आणि थुंकतो. नोकरी लागली तेव्हा देवापुढे नारळ ठेवून तू मला शपथ घ्यायला लावलीस, वर म्हणालीस, "घोट घशाखाली गेलो तर माका तोंड दाखव नको." तेव्हापासून मी थेंब गिळला नाही. थुंकल्यावर चूळही भरते. ऑफिसात त्यावरून मला 'सोवळी' म्हणतात.

कालही थुंकायचं भांडं समोरच होतं. माझ्याबरोबर काम करणारी श्वेता कुजबुजली, "थुंक ना गं, तीर्थ आहे काय?"

मी गिळलं.

ठसका लागला असं लिहिणार होते. नाही लागला. मला आवडली, आई. घशाखाली गेल्यावरही चव किती वेळ रेंगाळत होती, आणि त्यातच बाबा आठवले. मला दारूची भीती कधी नव्हती. मी त्यांची मुलगी आहे, याची होती. तुलाही तीच असणार. ते गेल्यावर आपण दोघी हे कधी बोललोच नाही.

पुढचं नीट वाच. सरांनी आणखी ओतली. भरल्या ग्लासावरून बाबा उठलेत, असं आपण कधी पाहिलं नाही. मी उठले. ग्लास श्वेताकडे सरकवला, "घे तुला," म्हटलं आणि डबा खायला गेले. चपाती-भाजी सगळी संपवली. घरी येईपर्यंत तो ग्लास एकदाही डोळ्यांपुढे आला नाही. यासाठी मी कालपासून नाचतेय, खोलीसाठी नाही.

सरांना पुढच्या सोमवारी उत्तर द्यायचंय. थुंकूनही ते काम होतं. पण एखादी बाटली पुन्हा कालच्यासारखी निघाली तर मी गिळेन, हे आधीच सांगते. तुझ्यापासून लपवून त्या खोलीची चावी घेणार नाही. घेऊ की नको, ते तू सांग.

बाबांची मुलगी, तरी ग्लास ठेवून उठलेली,
तुझी
अक्षता