नववा बाक

वेस्टमेडो, कनेक्टिकट
शनिवार, १८ नोव्हेंबर १७२१

प्रिय मेहिताबेलताई,

तू आणि बाळ सुखरूप असाल अशी आशा करतो. इकडे डुकरं कापून झाली, मांस मिठात घातलं. बाबांची नजर मात्र आणखी अधू झाली. आता लिहिलेलं काहीच दिसत नाही त्यांना.

प्रार्थनाघरात कुणी कुठे बसायचं, ते यंदा नव्याने ठरलं. वय, जमीन आणि मान पाहून समितीने बाक वाटले. माझं लिहिणं बिनचूक असतं, म्हणून यादी करायला मला बसवलं होतं.

बाबांचं नाव आलं तेव्हा समितीतले डीकन बर्ड म्हणाले, "थॉमस पीज. चौथा बाक असू दे. नदीकाठचं कुरण आहे त्याच्याकडे."

ते कुरण तुझ्या लग्नासाठी विकलं, हे गावात कुणालाच ठाऊक नव्हतं. घेणाराही परगावचा. पण चुकीची नोंद माझ्या हातून होत नाही, ताई. मी म्हणालो, "कुरण विकलंय."

कॅप्टन लूमिस हसले. "अरे वा, पोरगा बापाचीही गय करत नाही! कारकून असाच हवा."

बाबांना नववा बाक मिळाला. दाराशी, गडीमाणसांत. मला कारकुनाची जागा, दुसऱ्या बाकावर.

नोंदीचं वर लिहिलं ते अर्धंच खरं. कारकुनाची जागा रिकामी आहे, हे मला आधीपासून माहीत होतं.

गुरुवारी यादी दारावर ठोकली. बाबांनी मला तिथेच थांबवलं. "वाच की रे, जेबेझ. कुठे टाकलंय म्हाताऱ्याला?"

"चौथ्यावरच, बाबा."

"वाटलंच. बर्डला माणसाची पारख आहे." त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला.

उद्या रविवार. ते सरळ चौथ्या बाकाकडे जातील. तिथे दुसरा कुणी बसलेला असेल आणि काठीवाला रखवालदार सगळ्या गावादेखत त्यांना मागे वळवील. तूच त्यांना दोन ओळी लिहून कळवावंस, असं विनवायला हे पत्र सुरू केलं होतं. पण ते मंगळवारआधी तुझ्यापर्यंत पोचत नाही, आणि तुझ्या ओळीही वाचून मलाच दाखवाव्या लागतील.

बाबा अंगणात लाकडं फोडताहेत. शाई वाळली की मी बाहेर जातो. आधी बाक सांगेन, मग कुरणाचं कुणी सांगितलं ते.

त्यानंतर या घरात मला मुलगा म्हणतील की नाही, ठाऊक नाही. तू तरी भाऊ म्हणावंस, एवढंच मागणारा,

जेबेझ